रशीद कोणाचा?

शाळेत नवे मूल दाखल झाले की जनरल रजिस्टरात त्याची नोंद होते. नाव, जन्मतारीख, जन्मगाव, धर्म, जात हे सारे विचारून लिहावे लागते. एक रकाना मात्र न विचारताच भरला जातो. तो राष्ट्रीयत्वाचा. तेथे 'भारतीय' असे लिहून कारकून पुढच्या मुलाकडे वळतो. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत या रकान्यापाशी अडलेला बाप मी तरी पाहिलेला नाही.

परंतु जगात अशीही गावे होऊन गेली, की तेथे जन्मलेल्या मुलाच्या या रकान्यात काहीही लिहिले तरी ते अर्धेच खरे ठरावे. अल्जीरियातले सेतीफ हे असे एक गाव. तेथे १९३६ च्या ऑगस्टमध्ये रशीद मेखलूफी जन्मला. पुढे तो मोठा फुटबॉलपटू झाला. फ्रान्सकडूनही खेळला आणि अल्जीरियाकडूनही खेळला. त्याच्या गोलांचा हिशेब क्रीडापटूंच्या चरित्रकोशांत सापडेल. मला सांगायची आहे ती त्याच्या उमेदवारीच्या वर्षांची गोष्ट. वयाच्या एकविसाव्या वर्षी या मुलाला त्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहावे लागले, आणि तेही एका रात्रीत.

आधी तो रकाना कसा गुंतागुंतीचा झाला होता ते पाहू. अल्जीरियावर फ्रेंचांनी १८३० साली स्वारी केली. १८४८ साली त्याचे तीन जिल्हे पाडून त्यांनी जाहीर केले, की ही वसाहत नव्हे, हा फ्रान्सच आहे. १८६५ च्या फर्मानाने तेथील मुसलमान रहिवासी 'फ्रेंच' ठरला. पण फ्रेंच नागरिक ठरला नाही. नागरिक व्हायचे तर विवाह आणि वारसा यांबाबतचा आपला धर्मकायदा त्याने सोडावा, अशी अट होती. फारच थोड्यांनी ती पत्करली. उलट स्पेन, इटली, माल्टा येथून पोटासाठी आलेल्या गोऱ्यांच्या त्या भूमीवर जन्मलेल्या मुलांसाठी १८८९ च्या कायद्याने फ्रेंच नागरिकत्वाचे दार सताड उघडले. म्हणजे पाहुण्याला घरात पाट आणि घरधन्याला ओसरीवर गोणपाट, असा तो प्रकार होता.

तरीही फ्रान्सवर विश्वास टाकणारी माणसे अल्जीरियात होती. सेतीफमध्येच फरहात अब्बास नावाचे एक गृहस्थ औषधांचे दुकान चालवीत. ते शिकलेले, फ्रेंच भाषेवर प्रेम करणारे, राजकारणात पडलेले. १९३६ च्या फेब्रुवारीत, म्हणजे रशीदच्या जन्माआधी सहा महिने, त्यांनी एक लेख लिहिला. त्याचा मथळा होता, 'फ्रान्स म्हणजे मी'. आपण इतिहासाला विचारले, जिवंतांना विचारले, मेलेल्यांना विचारले, पण अल्जीरियन राष्ट्राचा पत्ता कोणी सांगितला नाही, असा त्या लेखाचा आशय. मागणे एवढेच होते, की आम्हाला फ्रेंच म्हणता ना, मग फ्रेंच माणसाचे हक्कही द्या. त्याच वर्षी पॅरिसच्या सरकारने वीस-पंचवीस हजार मुसलमानांना तरी मताचा पूर्ण हक्क द्यावा, असे एक विधेयक तयार केले. गोऱ्या वसाहतवाल्यांनी एवढा गिल्ला केला, की ते कधी मताला टाकलेच गेले नाही. फरहात अब्बासांच्या मथळ्याला मिळालेले हे पहिले उत्तर.

दुसरे उत्तर आले ८ मे १९४५ रोजी. हिटलरच्या जर्मनीचा पाडाव झाला म्हणून त्या दिवशी सगळीकडे मिरवणुका निघाल्या. सेतीफलाही निघाली. फ्रान्सच्या सुटकेसाठी अल्जीरियन शिपाईही लढले होते. तेव्हा आता आपल्याही सुटकेचे बोलावे, असे लोकांना वाटले. मिरवणुकीत अल्जीरियाचा झेंडा निघाला आणि पोलिसांच्या गोळ्या सुटल्या. झेंडा धरणारा तरुण पडला. चवताळलेल्या जमावाने गोऱ्यांवर हात टाकला, सुमारे शंभर युरोपीय मारले गेले. मग सूड म्हणून फौज, विमाने आणि गोऱ्या वसाहतवाल्यांच्या सशस्त्र टोळ्या आसपासच्या मुलखावर तुटून पडल्या. किती माणसे मेली? सरकारी आकडा १,०२० चा. अल्जीरियाने पुढे धरलेला ४५,००० चा. इतिहासकारांचे अंदाज या दोहोंच्या मध्ये कुठे तरी. आपण जालियनवाला बाग विसरलो नाही, तसे अल्जीरियन माणूस सेतीफ विसरत नाही. रशीद तेव्हा आठ वर्षांचा होता.

अशा गावात पोरे फुटबॉल खेळत होती. गोऱ्यांचे क्लब वेगळे, मुसलमानांचे वेगळे. मुसलमानांच्या क्लबांच्या नावातच 'मुसलमान' हा शब्द असे. रशीद ज्या क्लबात वाढला त्याच्याही नावात तो होता. १९५४ साली, अठरा वर्षांचा असताना, तो समुद्र ओलांडून फ्रान्समधल्या सेंत एतिएन या गावी चाचणीसाठी गेला. प्रशिक्षक जाँ स्नेला यांनी त्याचा खेळ पाहिला आणि त्याला ठेवून घेतले.

सेंत एतिएन हे पॅरिससारखे नटवे शहर नव्हे. कोळशाच्या खाणी, सायकलींचे कारखाने, बंदुकांचा मोठा सरकारी कारखाना. सारी वस्ती कष्टकऱ्यांची. तेथला फुटबॉल क्लबही 'कासिनो' नावाच्या वाणसामानाच्या दुकानांच्या कामगारांनी काढलेला आणि त्या दुकानांचाच हिरवा रंग अंगावर मिरवणारा. या गावाने रशीदला लेकासारखे वागवले. तो धिप्पाड नव्हता. चेंडू मात्र त्याचे ऐकत असे. आघाडीत त्याचा जोडीदार होता कॅमेरूनचा यूजीन एन्जो लेआ. सेतीफचा एक आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा एक, अशा या दोघांनी गोलांचा धडाका लावला आणि १९५७ साली सेंत एतिएनने फ्रान्सचे अजिंक्यपद इतिहासात पहिल्यांदा मिळवले. त्याआधीच, वीस वर्षांच्या रशीदला फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाचे बोलावणे आले होते. १९५६-५७ मध्ये तो फ्रान्सकडून चार सामने खेळला. सक्तीच्या लष्करी नोकरीत असताना फ्रेंच लष्कराच्या संघातून खेळून १९५७ सालचे लष्करी संघांचे जागतिक अजिंक्यपदही त्याने पाहिले. १९५८ च्या उन्हाळ्यात स्वीडनमध्ये विश्वचषक व्हायचा होता. त्यासाठी निवडलेल्या प्राथमिक यादीत त्याचे नाव होते.

याहून अधिक काय हवे? परंतु रशीद सेंत एतिएनला आला त्याच शरद ऋतूत, १ नोव्हेंबर १९५४ रोजी, राष्ट्रीय मुक्ती आघाडीने अल्जीरियात सशस्त्र लढा पुकारला होता. पाहता पाहता फ्रान्सने तेथे सुमारे चार लाखांची फौज उभी केली. त्या फौजेच्या खांद्यावरच्या कितीतरी रायफली सेंत एतिएनच्याच कारखान्यात घडलेल्या होत्या. रायफलीच्या नावातच गावाचे आद्याक्षर असे. म्हणजे रविवारी ज्या गावाचे लोक मेखलूफीच्या नावाने टाळ्या पिटत, त्याच गावची बंदूक सोमवारी सेतीफच्या डोंगरात फिरत असे. २६ मे १९५७ रोजी तर लढाई मैदानाच्या दारात आली. पॅरिसजवळच्या कोलोंब येथे फ्रेंच चषकाचा अंतिम सामना पाहून बाहेर पडत असलेल्या अली शेकाल या फ्रान्सधार्जिण्या अल्जीरियन पुढाऱ्याला तेथेच गोळी घालण्यात आली. त्या सामन्यात विजयी तूलूझकडून ब्राहिमी आणि बूशूक हे दोन अल्जीरियन खेळले होते.

येथे एक शंका कोणी काढील. फ्रान्सच्या त्या संघात परमुलखातून आलेल्यांची मुले आणखीही होती. त्यांना कुठे असे फाटलेपण आले? शंका रास्त आहे. त्या संघाचा मुकुटमणी रेमंड कोपा. त्याचे मूळ आडनाव कोपाशेव्स्की. त्याचे घराणे पोलंडमधून फ्रान्सच्या उत्तरेकडील खाणींत कामाला आलेले. स्वतः कोपा चौदाव्या वर्षी खाणीत उतरला आणि तेथे त्याच्या बोटाचा तुकडा गेला. त्याला फ्रेंच नागरिकत्व मिळाले ते एकविसाव्या वर्षी. म्हणजे कोपा जन्माने परका होता आणि कागद मिळताच पुरा फ्रेंच झाला. रशीदचे उलटे. तो कायद्याने जन्मतःच फ्रेंच. पण त्याच्या गावात त्याच्या बापाच्या मताची किंमत गोऱ्या शेजाऱ्याच्या मताहून कितीतरी कमी. १९४७ च्या कायद्याने अल्जीरियाच्या विधिमंडळात साठ जागा दहा लाखांच्या आत-बाहेर असलेल्या गोऱ्यांना आणि साठच जागा त्यांच्या आठ-नऊ पट मुसलमानांना दिल्या होत्या. कोपाच्या आणि रशीदच्या अंगावर निळा सदरा एकच होता. कोपाला तो घालून घरी जाता येत होते; रशीदला त्याच सदऱ्यातून आपल्या घरी कसे जावे, हा प्रश्न होता.

मुक्ती आघाडीने हा प्रश्न हेरला. मोहम्मद बूमेझराग या जुन्या खेळाडूवर एक कामगिरी सोपवण्यात आली. फ्रान्समधल्या पहिल्या प्रतीच्या अल्जीरियन खेळाडूंनी एकाच वेळी गुपचूप देश सोडायचा, ट्यूनिसला जमायचे आणि अजून जन्मालाही न आलेल्या राष्ट्राचा संघ म्हणून उभे राहायचे. वेळही जाणून निवडलेली होती. विश्वचषक दोन महिन्यांवर आलेला. मोनाकोचा मुस्तफा झितूनी हा फ्रान्सच्या बचावफळीचा आधार. १६ एप्रिल १९५८ रोजी स्वित्झर्लंडशी होणाऱ्या सामन्यात तो हवाच होता. तो नाहीसा झाला तर साऱ्या जगाने विचारावे, 'झितूनी कुठे गेला?' आणि उत्तर मिळावे, 'आपल्या देशाकडे.'

रशीदला न्यायला दोघे आले. मोख्तार अरिबी आणि लिऑनकडून खेळणारा अब्देलहमीद केरमाली. दोघेही सेतीफचेच, रशीदहून वडील. गावच्या थोरल्या भावांनी येऊन 'चल' म्हणावे तसे ते होते. इतरांना धोका नोकरीचा होता. रशीदला धोका त्याहून मोठा. तो अजून फौजेत होता. फ्रेंच शिपाई युद्धकाळात शत्रूला मिळाला, असा त्याचा अर्थ झाला असता. त्यात आदल्या सामन्यात त्याला दुखापत झाली आणि ऐन वेळी तो इस्पितळात पडला. सकाळी ते दोघे इस्पितळातून त्याला तसेच उचलून घेऊन निघाले. मोटार स्विस हद्दीकडे धावत होती. काही खेळाडू गायब झाल्याची बातमी फुटण्याच्या बेतात होती. चौकीवर ती पोचण्याआधी मोटार पोचली. चौकीवरच्या शिपायांनी आपल्या आवडत्या खेळाडूला ओळखले आणि सोडले, असे सांगतात. तेथून इटलीमार्गे ट्यूनिस. सगळेच एवढे नशीबवान नव्हते. हसन शाब्री इटलीच्या हद्दीवर सापडला. मोहम्मद माउशलाही अटक झाली.

दुसऱ्या दिवसापासून फ्रान्सची वर्तमानपत्रे या बातमीने भरून गेली. बाँब फुटले, तारा तुटल्या, याची तिथल्या सामान्य वाचकाला सवय झाली होती. पण दर रविवारी ज्यांची नावे आपण घेतो, ज्यांना पैसा आहे, मान आहे, असे तरुण सारे सोडून जातात, हे त्याला नवे होते. अल्जीरियात मूठभर बंडखोर आहेत आणि बाकी जनता आपली आहे, या समजुतीला त्या दिवशी तडा गेला. मुक्तिलढ्याला या पोरांनी दहा वर्षे पुढे नेले, असे फरहात अब्बास म्हणाल्याचे सांगतात. हे तेच फरहात अब्बास, 'फ्रान्स म्हणजे मी' लिहिणारे. १९५८ च्या सप्टेंबरात ते अल्जीरियाच्या परागंदा सरकारचे अध्यक्ष झाले. सेतीफचा औषधवाला आणि सेतीफचा खेळाडू वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी येऊन पोचले होते.

किंमत मोठी होती. त्या उन्हाळ्यात स्वीडनमध्ये फ्रान्स तिसरा आला. जुस्त फोंतेनने तेरा गोल केले. एका विश्वचषकातला तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. हा फोंतेनही उत्तर आफ्रिकेतला, मोरोक्कोत माराकेश येथे जन्मलेला. त्याच्या शेजारी उभा राहण्याची संधी रशीदने सोडली होती. जागतिक फुटबॉल महासंघाने ट्यूनिसच्या संघाला मान्यता दिली नाही. त्याच्याशी खेळाल तर शिक्षा होईल, असे सभासद देशांना बजावले. तरीही हा संघ चार वर्षे फिरत राहिला. उत्तर आफ्रिका, जॉर्डन, इराक, पूर्व युरोप, चीन, व्हिएतनाम. ऐंशी-नव्वद सामने झाले आणि त्यांतले बहुतेक त्यांनी जिंकले. सामन्याआधी आपला झेंडा चढवा आणि आपले गीत वाजवा, एवढा एकच त्यांचा हट्ट असे. हानोईत हो चि मिन्ह यांनी त्यांचे स्वागत केले. परंतु खेळाडूचे आयुष्य लहान असते. एकवीस ते पंचवीस ही वर्षे पुन्हा येत नाहीत. त्या वर्षांत रशीदला ना कुठला चषक मिळाला, ना कुठल्या अधिकृत नोंदीत त्याचे गोल चढले.

याच सुमारास आपल्या कोकणपट्टीतही असे एक उदाहरण घडले होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसूझाने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताकडून तीन गोल केले आणि भारत चौथा आला. नेव्हिल गोव्यातल्या आसगावचा, १९३२ चा जन्म. गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होता, आणि आपल्या वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' असे नवे नाव देऊन हे पोर्तुगालच आहे, असे लिस्बनने १९५१ पासून म्हणायला घेतले होते. अल्जीरियावर चालवलेलीच ही युक्ती. पण नेव्हिलच्या पाठीशी मुंबई होती, टाटांचा संघ होता आणि एक स्वतंत्र देश उभा होता. रशीदच्या पाठीशी असा देश नव्हता. तो आधी उभा करावा लागला.

१८ मार्च १९६२ रोजी एव्हियाँ येथे करार झाला आणि ५ जुलैला अल्जीरिया स्वतंत्र झाला. आता रशीदने काय करावे? जाँ स्नेला जिनिव्हाच्या सर्व्हेत क्लबात होते. फरारी शिपायाला आपल्याकडे घेणारे गुरुजी भेटणे, हे भाग्यच. तेथे तो काही काळ खेळला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सेंत एतिएनला परतला. ही गोष्ट ट्यूनिसला जाण्याइतकीच धैर्याची होती. अल्जीरियात मुलगे गमावलेली घरे त्या गावात होती. पहिल्या सामन्याला मैदानावर काय होईल, याची क्लबलाही धास्ती होती. रशीद पुढे सांगत असे, की तो उतरला तेव्हा मैदान चिडीचूप होते. मग चेंडू त्याच्याकडे आला, त्याने तो आपल्या रीतीने खेळवला, आणि टाळ्या सुरू झाल्या. ना कोणी माफी मागितली, ना कोणी मागवली. संघ तेव्हा दुसऱ्या श्रेणीत घसरला होता. १९६३ साली तो वर आला आणि १९६४, १९६७, १९६८ अशी तीन अजिंक्यपदे त्याने रशीदच्या साथीने मिळवली. त्याच काळात रशीद अल्जीरियाच्या, आता मान्यता मिळालेल्या, राष्ट्रीय संघाकडूनही खेळत होता.

१२ मे १९६८ ला फ्रेंच चषकाचा अंतिम सामना झाला. पॅरिसच्या रस्त्यांवर विद्यार्थ्यांनी उभारलेल्या अडथळ्यांचा धूर अजून विरला नव्हता. सेंत एतिएनने बोर्दोला दोन विरुद्ध एक असे हरवले आणि दोन्ही गोल मेखलूफीचे. चषक द्यायला राष्ट्राध्यक्ष द गॉल आले होते. ते त्याला म्हणाले, 'फ्रान्स म्हणजे तुम्ही.' ही आठवण रशीदनेच सांगितलेली.

या वाक्यावर पुष्कळांनी टाळ्या दिल्या आहेत. मला मात्र ते वाचताना नेहमी फरहात अब्बासांचा मथळा आठवतो. 'फ्रान्स म्हणजे मी' असे सेतीफचा माणूस १९३६ साली म्हणत होता तेव्हा त्याला कोणी 'होय' म्हटले नाही. तेच 'होय' बत्तीस वर्षांनी आले, तोवर लाखो माणसे मेली होती आणि ते ऐकणारा दुसऱ्या देशाचा झाला होता. आणि आले तेही दोन गोल केलेल्या माणसाला. ज्याने एकही गोल केला नाही त्या सेतीफच्या शेतकऱ्याला फ्रान्स म्हणजे तूही, असे वेळेवर म्हटले असते, तर कदाचित रशीदला इस्पितळातून पळावे लागले नसते.

पुढची पिढी या प्रश्नातून सुटली असे नाही. सेंत एतिएनमध्ये रशीदचा सहकारी असलेला एमे जाके हा १९९८ साली फ्रान्सचा प्रशिक्षक होता, आणि त्याला विश्वचषक मिळवून देणारे अंतिम सामन्यातले पहिले दोन गोल केले झिनेदिन झिदानने. आईबाप अल्जीरियाचे, जन्म मार्सेयचा. पण २००१ साली फ्रान्स आणि अल्जीरिया समोरासमोर आले तेव्हा प्रेक्षक मैदानात घुसल्याने सामना अर्धवट सोडावा लागला. त्यानंतर २००९ साली अल्जीरियाच्याच प्रस्तावावरून जागतिक महासंघाने नियम सैल केला. एका देशाच्या कुमार संघातून खेळलेला, पण दोन राष्ट्रीयत्वे असलेला तरुण वयाची अट न राहता एकदा दुसरा देश निवडू शकू लागला. आज असे तरुण अनेक आहेत. जमाल मुसियाला जर्मनीत जन्मला, इंग्लंडमध्ये वाढला, इंग्लंडच्या एकवीस वर्षांखालील संघातून खेळला आणि २०२१ साली, अठराव्या वर्षी, जर्मनीचा झाला. कुठली चौकी नाही, कुठली तुरुंगाची भीती नाही. एक अर्ज भरला आणि काम झाले. हे चांगलेच आहे. फक्त तो अर्ज इतका साधा होण्याआधी कोणी काय दिले, हे ठाऊक असावे.

मेखलूफी १९८२ साली अल्जीरियाच्या विश्वचषक संघाच्या प्रशिक्षकांपैकी एक होता; त्या संघाने पश्चिम जर्मनीला दोन विरुद्ध एक हरवून जगाला चकित केले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तो वारला. अल्जीरियात शोक झाला, तसा सेंत एतिएनमध्येही झाला. त्या हिरव्या क्लबच्या लोकांनी त्याला आपला म्हटले आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटले नाही. राज्यांना जे जमले नाही ते एका खाणीच्या गावाने १९६२ सालीच, चेंडू त्याच्या पायाशी आल्याबरोबर, करून टाकले होते.